बाकावरची दुसरी खुर्ची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्या निघतात. ‘क्रीडा क्षेत्रातील संधी’ या चौकटीत फिजिओ असतो, आहारतज्ज्ञ असतो, समालोचक असतो, हल्ली डेटा ॲनालिस्टही असतो. महाविद्यालयीन महिला संघाची सहायक प्रशिक्षक त्यात कधी दिसत नाही. दिसणार कुठून? मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत हे पदच नाही. मुलींच्या संघाबरोबर एक बाई पाठवावी लागते म्हणून जिमखाना कमिटीतल्या, त्या दिवशी लेक्चर नसलेल्या मॅडम येऊन बसतात आणि स्कोअरशीटवर सहायक प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव लागतं. यात मॅडमचा काही दोष नाही, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. पण त्या खुर्चीचं काम काय, ते शिकायचं कुठे आणि त्यावर पोट भरतं का, हे एकदा सविस्तर मांडायला हवं. आम्ही बास्केटबॉलपुरतं लिहितो, कारण तेवढंच आम्हाला येतं.

आधी सामन्याचं. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमपुस्तकात ‘पहिला सहायक प्रशिक्षक’ हे पद स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे आणि त्याला अधिकारही आहेत. सामन्याआधी ४० मिनिटं संघाची यादी स्कोअररच्या टेबलाकडे प्रमुख प्रशिक्षकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने द्यायची, १० मिनिटं आधी नावं-नंबर तपासून सही करायची आणि पहिल्या पाच जणी सांगायच्या, ते प्रमुखाने. टाइमआउट मागण्याचा हक्क प्रमुख प्रशिक्षक आणि पहिला सहायक या दोघांनाच. सामना चालू असताना बाकापाशी उभं राहायची मुभाही या दोघांनाच, पण एका वेळी एकालाच. चेंडू डेड असून घड्याळ थांबलं असेल तर टेबलाकडे जाऊन फाउल किती, वेळ किती, हे विचारता येतं, तेही या दोघांनाच. खेळाडू बदलायचा असेल तर मात्र बदली मुलीने स्वतः टेबलाशी जाऊन मागायचं असतं. बाकावरून ‘सब, सब’ असं कितीही ओरडलं तरी स्कोअरर हॉर्न वाजवणार नाही.

यातली खरी मेख टेक्निकल फाउलमध्ये, म्हणजे गैरवर्तनाच्या फाउलमध्ये आहे. बाकावरून कुणी पंचांशी हुज्जत घातली तर तो फाउल ‘बी’ म्हणून प्रमुख प्रशिक्षकाच्या नावावर चढतो. त्याच्या स्वतःच्या वागण्याचा असेल तर ‘सी’. दोन ‘सी’ झाले, किंवा ‘बी’ धरून एकूण तीन झाले, की प्रमुख प्रशिक्षकाने मैदान सोडायचं. मग संघ कुणी सांभाळायचा? नियमाने पहिल्या सहायकाने. म्हणजे स्कोअरशीट पुरी व्हावी म्हणून ज्यांचं नाव घातलं, त्या मॅडमनी. सहायकच नसेल तर ही जबाबदारी कॅप्टनवर येते, म्हणजे १९-२० वर्षांच्या मुलीने खेळायचंही आणि टाइमआउटही मोजायचे.

टाइमआउटचा हिशेब सोपा वाटतो, पण हमखास चुकतो. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत मात्र दोनच घेता येतात. तिन्ही शिल्लक ठेवून दोन मिनिटांची रेषा ओलांडली की एक फुकट गेला. ‘शेवटी लागतील’ म्हणून जपून ठेवणारे प्रशिक्षक इथेच फसतात. हे घड्याळ सांभाळणं सहायकाचं काम. तसंच टीम फाउलचं. क्वार्टरमध्ये चार झाले की बचाव करताना केलेल्या पुढच्या साध्या फाउललाही समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो. चौथा फाउल लागल्याबरोबर कोर्टवरच्या पाचही जणींना ते कळायला हवं, पुढच्या टाइमआउटला सांगून उपयोग नसतो. बऱ्याच उघड्या कोर्टांवर स्कोअरबोर्ड म्हणजे पुठ्ठ्याचे पलटायचे आकडे आणि शॉट घ्यायला मिळणारे २४ सेकंद मोजणारं घड्याळ नसतंच. तिथे सहायक स्वतः स्टॉपवॉच धरते आणि आठ सेकंद उरले की ओरडून सांगते.

त्याहून महत्त्वाचं, म्हणजे कुणी न शिकवलेलं काम नजरेचं आहे. प्रमुख प्रशिक्षकाची नजर चेंडूवर असते, तशी ती असायलाच हवी. सहायकाने चेंडू नसलेल्या चौघींकडे बघायचं. उजव्या कोपऱ्यात चेंडू असताना डाव्या बाजूची मुलगी रिंगखाली मदतीला सरकली का? शॉट सुटल्यावर बॉक्स आउट केलं, म्हणजे समोरच्या मुलीला अंगाने अडवून चेंडूपासून दूर ठेवलं, की मान वर करून चेंडू बघत उभी राहिली? शेल ड्रिल, म्हणजे बचावाचा सराव घेतानाही हीच वाटणी. चार विरुद्ध चार, प्रमुख समोर उभा, सहायक एंडलाइनपाशी, पास हवेत असतानाच सगळ्या मुली हलल्या पाहिजेत एवढंच ती तपासते. पास पोहोचल्यावर हललेली मुलगी एका पावलाने उशिरा असते आणि त्याच पावलात समोरच्या संघाचा लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट जातो.

कागदाचं काम थोडं जवळून दाखवतो. एका ए-फोर कागदावर अर्ध्या कोर्टचा नकाशा काढायचा. बास्केट झाली त्या जागी भरीव ठिपका, चुकली तिथे पोकळ गोल, शेजारी जर्सी नंबर. दोन संघांचे दोन कागद, क्वार्टरगणिक पेनाचा रंग वेगळा. हाफटाइमला कागदच बोलतो: समोरची आठ नंबर डावीकडून एकदाही आत घुसलेली नाही, मग तिला डावीकडेच ढकला. बाजूला चार रकाने, शॉट, फ्री थ्रो, आपल्या आक्रमणात मिळवलेले रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत पकडलेला चेंडू), टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू). यांवरून संघाला चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते काढता येतं. शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंच्या संख्येचे ०.४४ पट. समजा ६० शॉट, १० रिबाउंड, १८ टर्नओव्हर आणि १५ फ्री थ्रो. ताबा आला साधारण ७५ वेळा. गुण ५२ असतील तर दर ताब्याला ०.७ गुण. आता ते १८ टर्नओव्हर १० वर आणले तर वाचलेल्या आठ ताब्यांचे याच दराने पाच-सहा गुण होतात, आणि कॉलेजचे कितीतरी सामने तेवढ्याच फरकाने जातात. पण हे न दाखवता दुसऱ्या दिवशी मुलींना शंभर शॉट मारायला लावले जातात. दुखणं पोटात आणि लेप कपाळाला.

चेंडूबद्दलही लिहायलाच हवं. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, परीघ साधारण ७१.५ ते ७३ सेंटीमीटर, वजन ५१० ते ५५० ग्रॅम. मुलांचा सात नंबरचा, परीघ ७५ ते ७७ आणि वजन ५८० ते ६२० ग्रॅम. कॉलेजच्या कपाटात सातचे चेंडू असतात, कारण खरेदी मुलांच्या संघासाठी झालेली असते. मुली त्याच चेंडूंनी सराव करतात. मोठा चेंडू खांद्यापाशी नीट बसत नाही, मग तो कमरेपासून उचलून दोन्ही हातांनी ढकलायची सवय लागते, कोपर बाहेर जातं, चेंडू सपाट जातो. सामन्यात सहाचा चेंडू हातात आला की तेवढ्याच जोराने तो रिंगच्या मागच्या काठावर आपटून परत येतो. ‘आज शॉट लागतच नाहीत’ याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. सहाचे आठ चेंडू मागून घ्यावेत. हवा तपासायची तर १.८ मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण १.२ ते १.४ मीटर उसळला पाहिजे, माप चेंडूच्या वरच्या कडेपर्यंत. पंपाची सुई कोरडी खुपसू नये, व्हॉल्व्ह फाटतो. ती आधी ओली करावी आणि दोन जादा सुया बॅगेत ठेवाव्यात, कारण सुई ऐन सामन्याच्या सकाळीच तुटते.

गुडघ्याकडे मुंबईत फारच थोडे प्रशिक्षक लक्ष देतात. उडी मारून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत बरंच जास्त आहे, आणि तो तुटला की मोसम गेलाच. आठवड्यातून तीन दिवस, वॉर्मअपमधली १५ मिनिटं याला द्यावीत. साधारण ३० सेंटीमीटर उंचीवरून खाली उतरायचं, दोन्ही पावलं एकदम टेकवायची, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघे आत एकमेकांकडे झुकले की थांबवायचं. समोरून मोबाइलवर शूट करून मुलीला दाखवलं की ती दोन आठवड्यांत सुधारते, नुसतं तोंडी सांगून महिनाभर फरक पडत नाही. कानही वापरावेत. ‘धप्प’ आवाज आला की उतरणं चुकलं. धावण्याचे बूट घालून कोर्टवर उतरू देऊ नये. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. सिमेंटच्या कोर्टवर रोज दोन तास उड्या मारल्या की नडगी दुखायला लागते. तेव्हा उड्या कमी करायच्या, मलम चोळत बसायचं नाही.

मुंबईचं आणखी एक खास दुखणं म्हणजे पावसाळा. कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात, आणि संघ बांधायच्या नेमक्या त्या दिवसांत उघडी कोर्टं पाण्याखाली असतात. सिमेंटवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासलं नाही तर पाऊस थांबल्यावरही तिथे पळणं धोक्याचं. पाणी वायपरने ओढून वर गोणपाट फिरवलं की अर्ध्या तासात निम्मं कोर्ट मिळतं. अशा दिवशी रबरी चेंडू काढावेत, सिंथेटिक लेदरचा चेंडू भिजला की फुगतो आणि जड होतो. अगदीच कोर्ट नसेल तर कॉलेजच्या पॅसेजमध्ये ड्रिबल, पिव्हट, भिंतीवर पास आणि उतरण्याचा सराव होतो, रिंग लागत नाही. सहायकाकडे हा ‘पावसाचा प्लॅन’ कागदावर तयार असला की तो दिवस वाया जात नाही.

वेळेचंही तसंच. विरार, कल्याण, पनवेलहून येणाऱ्या मुलीला सकाळी साडेसहाच्या प्रॅक्टिससाठी साडेचार-पाचला घर सोडावं लागतं, आणि संध्याकाळी सातच्या पुढे संपणाऱ्या प्रॅक्टिसनंतर लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते. उपाशी पळणाऱ्या मुलीला तिसऱ्या क्वार्टरमध्ये गोळा येतो. वडापाव ती खातेच, पण प्रॅक्टिसच्या तासभर आधी दोन केळी किंवा मूठभर चणे-गूळ बॅगेतून निघाले तर फरक दिसतो. सतत दम लागणाऱ्या मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासायला सांगावं. ज्या मैदानावर बायकांचं स्वच्छतागृह नाही किंवा त्याला कुलूप आहे, तिथली मुलगी पाणी पीत नाही, आणि मग पायात गोळे येतात. हे प्रमुख प्रशिक्षकाला कुणी सांगत नाही, सहायक बाई असेल तर तिला सांगतात.

नियमाच्या बारीक गोष्टींवरून ऐन वेळी रडारड होते. दागिने चालत नाहीत. नाकातली चमकी नुकतीच टोचलेली असेल तर ती काढता येत नाही आणि मुलगी बाकावर बसते. म्हणून ‘मोसम संपेपर्यंत टोचून घेऊ नका’ हे ऑगस्टच्या आधी सांगायचं. हिजाबचा प्रश्न नागपाडा, मुंब्रा, कुर्ल्याच्या मुलींचा रोजचा आहे. २०१४मध्ये आपल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना आंतरराष्ट्रीय सामन्यात पगडी उतरवायला लावली, त्यावरून गदारोळ झाला आणि ऑक्टोबर २०१७पासून फिबाने डोकं झाकायला परवानगी दिली. रंग काळा, पांढरा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा, संघातल्या सगळ्या झाकणाऱ्यांचा एकच, चेहरा मोकळा, गळ्याशी-चेहऱ्याशी पिना वा बटणं नाहीत. अजूनही एखादा स्थानिक पंच अडवतो. नियमाचं ते पान छापून फाइलला लावलं की दोन मिनिटांत मिटतं.

फाइल म्हणजे एलिजिबिलिटी फॉर्मची. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कॉलेजच्या आयकार्डावर तिसरं. एकीच्या कागदात घोळ निघाला तर आक्षेप संघावर येतो. मुलींची नावं प्रमाणपत्राबरहुकूम लिहिणं, प्राचार्यांची सही-शिक्का, जादा फोटो, हे सगळं ड्रॉ लागायच्या आधी पंधरा दिवस व्हावं. बाहेरगावी पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जाताना खोल्यांची वाटणी, रात्री कुणाला फोन करायचा, घोट्याला टेप लावताना तिसरं कुणी हजर असणं, आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखालची कॉलेजची अंतर्गत समिती व तिचा नंबर, हे निघण्याआधी मुलींना माहीत असलं पाहिजे.

आता करिअरचं. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) महिला संघाकडे प्रमुख प्रशिक्षकाखाली तीन सहायक असत. जुलै २०२३पासून आणखी दोन ठेवायला परवानगी मिळाली, मात्र तेव्हा त्यांना कॅम्पसबाहेर खेळाडू हेरायला जाता येत नव्हतं. तिथे सहायकाचा मोठा वेळ खेळाडू शोधण्यातच जातो. मोसमात सराव आठवड्याला २० तासांच्या आणि दिवसाला चार तासांच्या वर नेता येत नाही, शिवाय आठवड्याला एक सुट्टी. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघात क्रिस डेली १९८५पासून प्रमुख प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या शेजारी बसतात. दुसऱ्या खुर्चीवर अख्खी कारकीर्द काढता येते आणि ती मानाची असते. आपली माजी कर्णधार दिव्या सिंग हिने डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकताना तिथल्या महिला संघाबरोबर सहायक म्हणून काम केलं. पदव्युत्तर शिक्षण आणि बाकावरची उमेदवारी हातात हात घालून चालण्याची ती पद्धत आहे, आणि एम.पी.एड. करणाऱ्या मुलींसाठी ती इथेही बसवता येईल. तिकडचं सगळंच घेण्यासारखं आहे असं नव्हे. १९७२च्या समान संधी कायद्याआधी तिथे महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. कायद्यानंतर पैसा आला, पैशामागून पुरुष आले आणि स्त्रिया निम्म्याहून कमी उरल्या.

इथे या कामात शिरायचं तर खेळ सुटण्याची वाट पाहू नये. तिसऱ्या वर्षाला असतानाच टेबलावर बसायला शिकावं. स्कोअरशीट बिनचूक भरणाऱ्या मुलीला मुंबईत दर शनिवार-रविवारी काम मिळतं आणि खेळ टेबलावरून जसा दिसतो तसा कोर्टवरून दिसत नाही. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, जमल्यास डिप्लोमा. फिबाच्या लेव्हलचे कोर्स भारतीय बास्केटबॉल महासंघामार्फत होतात. एक गैरसमज मात्र पालकांनी काढून टाकावा. एनआयएस केलं म्हणून कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची कायम नोकरी मिळत नाही. त्यासाठी यूजीसीच्या नियमानुसार शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. एक रस्ता शिकवण्याचा, दुसरा पदाचा. दोन्ही हवे असतील तर एम.पी.एड. आधी करावं.

तोवर गाडी कशी चालते? सकाळी कॉलेज, दुपारी एखादी शाळा, संध्याकाळी ॲकॅडमी किंवा सोसायटीतली मुलं, असं जोडून-जोडून. कॉलेजचं मानधन बहुधा ‘दर सामन्याला’ ठरतं आणि गोची तिथेच आहे. नॉकआउटमध्ये पहिल्याच फेरीत संघ हरला की चार महिन्यांच्या प्रॅक्टिसचे पैसे एका सामन्याचे. आठवड्याला पाच दिवस दोन तास प्रॅक्टिस धरली, वर प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघायला तीन तास आणि कागदपत्रांना दोन, तर हे आठवड्याचे १५ तास झाले. जून ते नोव्हेंबर मोजले तर साडेतीनशेच्या वर जातात. एवढ्या तासांचं काम ‘हौस’ म्हणून कुणी किती वर्षं करेल? त्यामुळेच चांगल्या मुली दोन मोसमांत शाळेच्या नोकरीला लागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

वरळीच्या डोममध्ये ऑक्टोबर २०१९ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळून गेले. तिकिटं काढून गेलेल्यांत कॉलेजांचे जिमखाना प्रमुखही असतीलच. प्रत्येक संघाच्या बाकावर सहायकांची रांग होती, ती त्यांनी बघितली असेल.

जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थिनीकडून घेतली जाते, तेव्हा मागणी अवाजवी नाही. सहायक प्रशिक्षिकेला शैक्षणिक वर्षासाठी लेखी नेमणूक द्यावी, मानधन सामन्यावर नव्हे तर महिन्यावर ठरवावं, स्कोअरशीटवर तिचंच नाव जावं. सोबत जाणाऱ्या मॅडम व्यवस्थापक म्हणून जाव्यात, ते कामही मोठं आहे. विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन प्रवेशिकेत ‘पहिला सहायक प्रशिक्षक’ हा रकाना पात्रतेसकट घातला तर कॉलेजं आपोआप हलतील. आणि नेमणुकीचं पत्र जूनमध्ये निघावं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या (डीएसओ) स्पर्धांत १९ वर्षांखालच्या गटात खेळलेल्या मुली तेव्हाच पदवीचे फॉर्म भरत असतात, आणि कुठली मुलगी कुठे प्रवेश घेते हे त्या तीन आठवड्यांत ठरून जातं.

आपले,
महाविद्यालयीन बास्केटबॉलशी संबंधित काही प्रशिक्षक, मुंबई